दोन खिशांचा शर्ट

साल २०१९. मला तेव्हा सदुसष्टावं चालू होतं आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा ओवायचं काम मी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचो. कुणकेश्वरच्या रस्त्याला माझं कपडे शिवायचं दुकान. अजून आहे, पण आता शटर वर करतो ते घरात बसवत नाही म्हणून. पोरं कपडे मोबाइलवर मागवतात आणि पायाची लांबी कमी करायला तेवढी माझ्याकडे येतात. आयुष्यभर कोट-पँट शिवली आणि आता दुसऱ्याच्या शिवणीला कात्री लावतो. असो.

शाळा मी चौथीत सोडली. तरी सगळा गाव मला मास्तर म्हणतो, कारण आमच्याकडे शिंप्याला मास्तरच म्हणतात. दिवाळी अंकवाल्यांनी कामाबद्दल लिहा म्हणून पाठ धरली, तेव्हा लिहितोय. शुद्धलेखन त्यांनी बघायचं. बाकी माझ्या शब्दाला हात लावायचा नाही, असं त्यांना बजावलं आहे.

शिंप्याचं काम म्हणजे कापड कापणं, असं लोकांना वाटतं. कापड कोणीही कापेल. खरं काम माणूस बघणं. टेप छातीभोवती फिरवली की एक आकडा येतो, पण तो आकडा अर्ध्यात मोडून दोन्ही बाजूला सारखा वाटला की शर्ट बिघडला. कोणाचीच छाती दोन्हीकडे सारखी नसते. किनाऱ्यावर रापणीच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढणाऱ्याचा एक खांदा जाड असतो. माडावर चढणाऱ्याची पाठ पुढे येते. बँकेतला माणूस एका अंगावर कलतो. हे टेप सांगत नाही. ते डोळ्याने बघायचं, मनात ठेवायचं आणि कापताना सूतभर इकडे, सूतभर तिकडे करायचं. शर्ट घातल्यावर माणूस सरळ दिसला पाहिजे. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण आहोतच सरळ. वाटू दे. त्याचेच तर मला पैसे मिळायचे.

बायकांचं माप मी अंगावर कधी घेतलं नाही. जुना ब्लाऊज आणायचा, त्यावरून नवा. पण ब्लाऊजही बोलतो. कुठे उसवला, कुठे ताणला, त्यावरून कळतं. आमच्या बाजारात मासे विकणारी पारू होती. आता नाही. एकदा तिने एकच ब्लाऊज शिवायला टाकला. दर वेळी तीन-चार टाकणारी बाई. मी विचारलं, "एकच?"

"एक पुरात," म्हणाली. "छातीत गाठ गावली. मधल्या हाडाच्या बाजूक. मोठो फोटो काढूक सांगल्यानी."

मी ब्लाऊज शिवून ठेवला. पुढच्या महिन्यात पारू आली ती टोपली बाहेर ठेवून, पदर खोचून, बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मास्तरानू, गाठ नाय, काय नाय. माझ्या छातीत एक पट्टो जास्ती आसा. मांसाचो. हाडाच्या बाजून उभो जाता. हजार बायकांत थोड्यांकच असता, डॉक्टर म्हणालो."

"मग आता काय करूचा?"

"गळो वायच खाली घेवा. दिसांदे लोकांक."

दुकानातले सगळे हसले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की शरीराच्या आतही कपड्यासारखंच असतं. एखाद्याला पट्टा जास्त लागतो, एखाद्याला कमी. देवाचा शिंपीही सगळ्यांना एकाच मापाचं कापत नाही. पण कमी लागलेला माणूस मी तोवर ओळखतच होतो. त्याचीच ही गोष्ट आहे.

सिद्धेश. शालनचा मुलगा. शालन किनाऱ्यावर मासळी घेते आणि दारोदार विकते. नवरा होडीवर गेला तो गेलाच. सिद्धेश सातवी-आठवीत असताना ती त्याला घेऊन दुकानात आली.

"मास्तरानू, ह्येका शाळेत पोरा चिडवतत. कायतरी करा."

"शर्ट काढ रे."

पोरगा काढेना. शालन म्हणाली, "काढ. मास्तर काय खातले तुका?"

त्याने काढला. डावी बाजू त्या वयाच्या पोराची असावी तशी. उजवीकडे खांद्यापासून खाली सपाट. काखेची पुढची कड, जिला आपण दोन बोटांत धरू शकतो, ती उजवीकडे नव्हतीच. फासळ्या मोजता आल्या असत्या. शालन खाली बघून म्हणाली, "गिराणात मासळी कापलंय होती. पोटात होतो तेव्हा."

ग्रहणात पोटुशीने काही कापू नये, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी बाजार होता आणि हातावरचं पोट. सासूने तिला ते जन्मभर ऐकवलं. सासू गेल्यावर शालन स्वतःच स्वतःला ऐकवायची. ग्रहणाच्या दिवशी ती पाणीही पीत नसे.

मी त्या पोरासाठी शर्ट शिवला. आता सांगतो कसा, कारण हे काम माझ्याशिवाय या किनारपट्टीत कोणाला जमलं नसतं. उजव्या बाजूला आतून अस्तर, त्यात पिंजलेला कापूस, त्याच्यावर कॅनव्हासची पातळ चकती, आणि सगळं बारीक टाक्यांनी धरलेलं, म्हणजे धुतल्यावर गोळा होत नाही. शर्टाला एक खिसा डावीकडे असतो. ह्याला मी दोन लावले, वर झाकण घालून. बघणाऱ्याचा डोळा खिशावर थांबतो, छातीपर्यंत जात नाही. कापड एकरंगी, गडद. चौकटीचा कपडा त्याला मी कधी घेऊ दिला नाही. चौकटी चुगलखोर असतात. अंगावर कुठे खड्डा असला की रेघ लगेच वाकते.

तेव्हापासून त्याचा प्रत्येक शर्ट माझा. पोरगा मोठा झाला तसा कापूस वाढत गेला. रापण ओढायला जायचा तेव्हा बाकीचे उघडे आणि हा शर्ट घालून. ते म्हणायचे, "सायेब इले. शर्ट भिजवू नकात हां." हा हसायचा आणि दोर धरायचा. दोर तो बरोबर ओढायचा. ताकदीला काही कमी नव्हतं, ती त्याने खांद्यातून आणि पाठीतून भरून काढली होती. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचो आणि मला बरं वाटायचं. एवढी वर्षं कोणाला कळलं नाही, हे माझं काम.

तर २०१९. सिद्धेशचं लग्न ठरलं. मुलगी बांद्याची, मानसी. बापाचं तिथे हार्डवेअरचं दुकान. त्याच सुमारास सिद्धेशने जहाजावरच्या नोकरीचं बघितलं. गोव्याला मेडिकल झाली. छातीचा फोटो काढला तर उजवी बाजू डावीपेक्षा काळी. तिथल्या माणसाने सांगितलं, उजव्या फुप्फुसात काहीतरी दिसतंय, नीट तपासून कागद आणा, मग बघू. एवढंच. पण आमच्याकडे एवढंच राहत नाही. आठवड्याच्या आत बांद्यापर्यंत पोचलं की पोरगा मेडिकलला नापास, छाती पोखरलेली आहे, क्षय असणार.

शालन माझ्याकडे आली. घरात मोठा माणूस कोणी नाही, तुम्ही चला म्हणाली. मी, ती आणि सिद्धेश कणकवलीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं, ही मशीनमध्ये घालेल, सुया टोचेल. तिने फोटो उजेडात धरला, मग सिद्धेशला शर्ट काढायला लावला. म्हणाली, "दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर दाबा. जोरात."

डावीकडे मांस टरारून वर आलं. उजवीकडे काही नाही.

"मास्तर, तुम्हीपण जोडा," ती मला म्हणाली. मी म्हातारा माणूस, हात जोडून दाबले. माझ्या दोन्हीकडे थोडं थोडं आलं. आता थोडंच उरलंय.

"ह्याला छातीचा मोठा स्नायू उजवीकडे जन्मापासून नाही," बाईंनी सांगितलं. "फोटोचे किरण मांसातून जाताना अडतात. इथे अडायला मांसच नाही, म्हणून ती बाजू काळी दिसते. फुप्फुस अगदी चांगलं आहे."

मग तिने सिद्धेशचा उजवा हात घेतला, डाव्याशेजारी ठेवला, आणि बोटं बघितली. उजवा हात आणि त्याची बोटं जराशी आखूड. मधली दोन बुडाशी थोडी जास्त चिकटलेली. "ह्या दोन गोष्टी बरोबर येतात," म्हणाली. "म्हणून बघितलं."

ह्याची उजवी बाही मी पहिल्यापासून थोडी आखूड कापत होतो. बाहीचं माप वेगळं, छातीचं माप वेगळं. दोन्ही मी घेतली, दोन्ही बरोबर घेतली, पण ती एकाच गोष्टीची आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ते बाईंचं काम, तिने केलं. मला त्यात कमीपणा वाटला नाही. थोडं दमल्यासारखं वाटलं एवढंच.

शालनने हळूच विचारलं, "बाई, गिराणात मासळी कापली म्हणून झालं ना?" डॉक्टरसमोर तिने शुद्ध बोलायचा प्रयत्न केला.

"नाही हो. पोटात असताना, अगदी सुरवातीला, त्या बाजूला रक्त कमी पोचलं असावं असं मानतात. कोणाच्या करण्याने होत नाही."

"मग मी इतकी वर्षां गिराणात उपाशी रवलंय ती?"

"आता जेवत जा," बाई म्हणाली.

शालन हसली आणि मग पदर तोंडाला लावून बसली. परत येताना एसटीत सिद्धेशच्या मांडीवर कागद होता. जहाजवाल्यांना तो पुरला असता. पण बांद्याला काय सांगायचं, हे कागदात नव्हतं. शालन म्हणाली, लग्न झाल्यावर कळेलच, आधी कशाला. सिद्धेश खिडकीबाहेर बघत होता. त्याला मानसी आवडली होती. हे मला दिसत होतं. फोन वाजला की तो आधी शर्ट सारखा करायचा, जसं काही तिला फोनमधून दिसणार आहे.

आमच्याकडे नवऱ्याचे लग्नाचे कपडे मुलीकडून येतात. मानसी आणि तिचे वडील कापड घेऊन माझ्या दुकानात आले, कारण सिद्धेशने सांगितलं होतं की शिवणार तर मास्तरच. कोटाचं कापड बापाने निवडलेलं, चांगलं होतं. दुसरा शर्टपीस मानसीने निवडलेला. निळ्यावर पांढऱ्या चौकटी.

"चौकटीचो नको," मी म्हटलं. "त्येका एकरंगी शोभता."

"माका चौकटीचो आवडता," मानसी म्हणाली. भिंतीला सिद्धेशचा एक तयार शर्ट टांगला होता. तिने त्याला पुढून हात लावला आणि हात मागे घेतला.

बाप कोटाचं कापड टेबलावर ठेवून माझ्यासमोर बसला. "मास्तर, सरळ इचारतंय. तुमी तेचा माप घेतास. छातीत काय खोट आसा काय? मेडिकलात नापास झालो म्हणतत."

दुकानात मशीन चालू होतं ते मी थांबवलं. सांगायला काय, एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या टेपखाली ह्या पंचक्रोशीतली अर्धी माणसं आली. कोणाची पाठ, कोणाचं पोट, कोणाचा खांदा, मी एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर गावात राहणं मुश्किल झालं असतं, माझंही आणि त्यांचंही.

"माप गिऱ्हाइकाचा असता," मी म्हटलं. "ह्याचा मी त्येका सांगत नाय."

"आसा म्हणान सांगा, नायतर नाय म्हणान सांगा."

"उद्या तुमच्या घरच्यांचो ब्लाऊज माझ्याकडे इलो आणि कोणी माका इचारला, तर काय सांगू?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने कोटाचं कापड परत पिशवीत घातलं. "आमचो शिंपी आसा बांद्याक. झिलाक सांगा, आयतवारी थंय येवन माप देवंदे. नाय इलो तर समाजलंय मी काय समजायचा ता."

मानसी त्याच्यामागून गेली. चौकटीचा शर्टपीस मात्र टेबलावरच राहिला. विसरली की ठेवून गेली, मला कळलं नाही.

संध्याकाळी सिद्धेश आला. तोंड उतरलेलं.

"मास्तरानू, नाय म्हणान सांगल्यात असता तर तुमचा काय गेला असता?"

"खोटा बोलणारो शिंपी होयो तर बांद्याक जा."

"थंयच तर जावचा आसा माका आता," तो म्हणाला आणि बाकावर बसला. मी त्याला चहा सांगितला. तो प्याला नाही. मग म्हणाला, "बांद्याच्या शिंप्यान टेप घातली की कळतला. तेच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळांदे. मी तिका हय बोलवतंय. तुमच्या दुकानात."

"हय कित्याक?"

"दुसरीकडे शर्ट काढूक माका जमाचा नाय."

तो मला चांगलं म्हणत होता की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रविवारी सिद्धेश बांद्याला गेला नाही; त्याच्या निरोपावरून मानसीच आली, बापाच्या गाडीतून. बाप आत आला नाही. रस्त्यापलीकडे माडाखाली उभा राहिला. मी शटर अर्धं खाली ओढलं. कपडे घालून बघायला पडद्यामागे जागा आहे, पण सिद्धेश पडद्यामागे गेला नाही. मशीनच्या बाजूला उभा राहून त्याने बटणं काढली. शर्ट आणि बनियन त्याने टेबलावर ठेवले, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसे तळवे जोडले आणि दाबले.

"हयसर एक स्नायू नाय," म्हणाला. "जन्मापासून. फुप्फुस बरा आसा. फोटोत काळा दिसता ता ह्येच्यामुळे."

मानसीने बघितलं. घाईने नाही, आणि टाळलंही नाही.

"दुखता?"

"नाय."

"रापण वडतंस ना?"

"वडतंय."

मग तिने टेबलावरचा शर्ट उचलला आणि आतली बाजू बाहेर काढली. "मागल्या खेपेक हात लावलंय तेव्हाच काय तरी जाड लागला होता. माका वाटला, दुखता म्हणान आत पट्टो शिवून घेतलंस. ह्या काय?"

"कापूस," मी म्हटलं. "वर कॅनव्हास. बारीक टाको घातलोय. कितीय धुवा, आकार बदलाचो नाय."

ती माझं ऐकत नव्हती. तिने कापसावर तळहात ठेवला. मे महिना होता, पोरगा घामाघूम होऊन आला होता, सगळा कापूस ओला. तिने सिद्धेशकडे बघितलं.

"उकडत नाय तुका?"

त्याने मानेवरचा घाम तळहाताने पुसला. मग म्हणाला, "उकडता."

एवढंच. मी खुर्चीवर बसलो. चौदा वर्षांचा असल्यापासून ह्या पोराला मी माप विचारलं, रंग विचारला, कॉलर विचारली, खिशाचं झाकण टोकदार की गोल ते विचारलं. हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आमच्या दमट हवेत, रापणीचा दोर ओढताना, अंगावर भिजलेला कापूस घेऊन. आणि त्यानेही कधी सांगितलं नाही, कारण मी खूश दिसायचो.

मानसीने शटरखालून वाकून हाक मारली, "बाबा, आत येवा."

बाप आला. सिद्धेश शर्ट घालायला गेला तर तिने शर्ट हातातच धरून ठेवला. "ह्यांका एक मांस कमी आसा," तिने सांगितलं. "क्षय नाय, काय नाय. डॉक्टराचो कागद आसा."

बापाने कागद घेतला, लांब धरून बघितला. इंग्रजी होता. घडी घालून परत दिला. मग सिद्धेशच्या छातीकडे बघितलं आणि माझ्याकडे.

"तुमका ठावक होता."

"होता."

"आणि बोललात नाय."

"उद्या तुमचाय बोलाचंय नाय."

पंख्याखाली सिद्धेशचा घाम वाळत होता. शेवटी बाप म्हणाला, "लग्नाच्या कोटाक तरी घाला वायच कायतरी. फोटो काढतले लोक."

"कोटात सगळ्यांकच घालूचा लागता," मी म्हटलं. "छातीक कॅनव्हास नसलो तर कोट उभोच रवणा नाय. तुमच्या लग्नातल्या कोटातय होतो."

त्याने नकळत स्वतःच्या छातीला हात लावून बघितला. मानसीला हसू आलं. मग सिद्धेशलाही. पिशवी गाडीतच होती, बाप जाऊन ती घेऊन आला आणि कोटाचं कापड माझ्यासमोर ठेवलं. चहा सांगा म्हणाला.

जाताना मानसीने तो चौकटीचा शर्टपीस माझ्यापुढे सरकवला. "ह्यो शिवा. एकच खिसो. आत कायएक घालू नकात."

"चौकटी वाकड्या दिसतल्या," मी शेवटचं सांगून बघितलं. मी हट्टी आहे. चांगलं कापड बिघडताना मला बघवत नाही.

"दिसांदेत," ती म्हणाली. मला पारूची आठवण झाली.

सिद्धेश शर्ट हातात घेऊन, बनियनवर घरी गेला. बाजारातून. मी शटर वर केलं आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पायरीवर उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेलो तर शालन पायरीवर बसलेली. शेजारी टोपली, मांडीवर गाठोडं. त्यात सिद्धेशचे सगळे शर्ट. "कापूस काढून टाकूक सांगल्यान," म्हणाली आणि मासे नासतील म्हणून थांबली नाही.

मी ब्लेड घेतलं आणि उजेडाला बसलो. टाके निघेनात. वर्षानुवर्षांच्या घामाने कापूस पिवळा पडून घट्ट बसलेला आणि टाका असा बारीक घातलेला की मोतीबिंदूच्या डोळ्याला तो दिसतही नव्हता. बोटाने चाचपून एकेक तोडावा लागला. कोणी दुसऱ्याने शिवले असते तर एव्हाना सुटले असते. चार शर्ट होईपर्यंत बोटं आखडली. उरलेले बाजूला ठेवले.

मग चौकटीचं कापड टेबलावर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या, आणि उजवी बाजू आधी कापली, आहे त्या मापाने.